सरकार आमचं भाडेकरू

माझा राग नाकावर असतो, हे आधीच सांगून टाकते. पुढं जे घडलं त्यात त्या रागाचा मोठा हात आहे, आणि मागाहून कुणी म्हणायला नको की बाईंनी लपवलं.

तीस-बत्तीस वर्षं मी नागरिकशास्त्र शिकवलं, पिशोरकडच्या एका शाळेत. त्या भागात अजूनही मला 'डस्टरवाल्या बाई' म्हणतात. डस्टर मी कधी कुणाला मारलं नाही बरं का! नुसतं टेबलावर आपटायची. पण असं आपटायची की खडूचा सगळा धुरळा माझ्याच तोंडावर उडायचा आणि पोरं हसू दाबायला वहीत तोंड खुपसायची.

नागरिकशास्त्राचं शाळेत कुणाला कौतुक नसतं. इतिहासाच्या पुस्तकामागं चार धडे चिकटवलेले, तास जेवणाच्या सुट्टीनंतरचा, निम्मी पोरं पेंगलेली. मार्गदर्शक तत्त्वांचा धडा आला की मी घड्याळाकडं बघत शिकवायची. राज्यघटनेच्या चौथ्या भागात सरकारनं काय करावं ते सांगितलंय. म्हातारपणी, आजारपणात, अपंगत्वात मदत करावी. बाळंतिणीला सवलत द्यावी. लहान लेकरांची काळजी घ्यावी, लोकांच्या पोषणाकडं लक्ष द्यावं. अशा राज्याला कल्याणकारी राज्य म्हणतात. लिहिलं? आता नीट ऐका, हे दर वर्षी येतं. "या तत्त्वांसाठी न्यायालयात दाद मागता येत नाही." खाली रेघ मारा. दोनदा मारा.

आणि मग डस्टर आपटायची, म्हणजे पेंगलेल्यांनाही ऐकू जावं.

आता घटनेत हे कलम तिथंच संपत नाही. न्यायालयात जाता येत नसलं तरी देशाचा कारभार चालवताना ही तत्त्वं मूलभूत आहेत आणि कायदे करताना ती लागू करणं हे राज्याचं कर्तव्य आहे, अशा अर्थाचा पुढं आणखी अर्धा भाग आहे. एखादी हुशार पोरगी विचारायची, "बाई, ते पुढचं लिहायचं का?" मी म्हणायची, "लांबलचक आहे गं ते. नाही लिहिलं तरी मार्क कापत नाहीत. सोडून दे." वर्षानुवर्षं मी पोरांकडून अर्धंच कलम पाठ करून घेतलं. निकाल चांगला लागायचा म्हणून माझा सत्कारपण झाला, शाल-श्रीफळ देऊन.

निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं शहरात, गारखेड्याच्या घरात राहायला आलो. आमचे हे पाटबंधारे खात्यात होते. आता दिवसभर पेपर वाचतात आणि माझ्या रागावर शेरे मारतात. घराला खाली शटरवाली गाडीची खोली आहे. गाडी आम्ही काही घेतली नाही. तिथं गळका कूलर, ह्यांची सायकल आणि माझ्या जुन्या नोट्सची खोकी, असा सगळा पसारा पडून होता.

कॉलनीमागच्या गल्लीत माझे ब्लाउज शिवणारी राहते. तिशीतली असेल. नवरा लोडिंग रिक्षा चालवतो. सकाळी बिडकीनकडं माल घेऊन गेला की दिवेलागणीलाच येतो. ही दिवसभर मशीनवर. मराठी आमच्यासारखंच बोलते, मधूनच दखनीत शिरते, आणि माझ्याशी भांडायची तिला कसलीच भीती वाटत नाही. "बाही घट्ट झाली म्हणता बाई, बाही तेवढीच हाय, हात वाढला तुमचा," असं माझ्या तोंडावर सांगणारी सगळ्या गारखेड्यात ती एकटीच.

तिची लेक साडेतीन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. दवाखान्यात दाखवून झालं. कान ठीक, जीभ ठीक. डॉक्टर म्हणाले, हिच्याशी बोलत राहा, चार लेकरांत सोडा. आता एका खोलीचं घर, दिवसभर मशीनची खडखड, आणि ही पोरगी मशीनखाली चिंध्या घेऊन बसलेली. तिच्याशी बोलणार कोण आणि बोललेलं तिला ऐकू जाणार कसं? काही हवं असलं की ती आईच्या साडीचा पदर ओढायची. बस्स.

गल्लीच्या तोंडाशी एका भाड्याच्या खोलीत अंगणवाडी होती. तिथं तिला घातलं. तिथल्या सेविकेची हजेरी घ्यायची एक तऱ्हा होती. ती एकेका लेकराचं नाव घ्यायची आणि ते लेकरू स्वतःच्या तोंडानं बोलल्याशिवाय पुढचं नाव घ्यायचीच नाही. कितीही वेळ लागो. शेजारच्यानं "ती आलीय बाई" म्हटलेलं चालायचं नाही. या पोरीच्या नावापाशी हजेरी रोज अडायची. खिचडी निवायची, लेकरं चुळबुळायची, सेविका आपली रजिस्टर मांडीवर घेऊन बसलेली. मग शेवटी पोरगी हात वर करायची आणि सेविका म्हणायची, "बरं, आज हातानं. उद्या तोंडानं हं." किती आठवडे असं चाललं कोण जाणे. एके दिवशी दुपारी शिवणवाली माझ्या दारात धावत आली. माझ्याच ब्लाउजची एक बाही तिच्या खांद्यावर टाचणीनं लटकत होती. "बोलली बाई! माझी लेक बोलली! हाजिर बोलली!" म्हणत ती पायरीवर बसली आणि ढसाढसा रडायला लागली. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

त्यानंतर पोरगी बोलायला लागली. चार शब्द, मग आठ. आई, पाणी, देना, नक्को. आणि नेमकी तेव्हाच अंगणवाडीची खोली जायची वेळ आली. मालकाला घर पाडून वर मजले चढवायचे होते. गल्लीत दुसरी जागा मिळेना. मग असं ठरत आलं की इथली लेकरं मोठ्या रस्त्याच्या पलीकडच्या अंगणवाडीला जोडून टाकायची. त्या रस्त्यावर ट्रक, बसा, हायवा डंपरच्या रांगा. मोठ्या माणसालाही जीव मुठीत धरावा लागतो तो ओलांडताना. रोज दोनदा लेकीला तिकडं पोचवायचं आणि आणायचं म्हणजे मशीन बंद. म्हणजे सरळ हिशेब होता. लेक परत मशीनखाली जाणार.

"गप होईल ती बाई," शिवणवाली म्हणाली. "आत्ता कुठं तोंड उघडलं तिनं. परत मिटलं तर परत उघडंल का नाय, कोण सांगावं?"

मी लगेच पदर खोचला. म्हटलं, "रडतेस कशाला? मी आहे ना! माझी गाडीची खोली रिकामी करते. मीच शिकवते लेकरांना. फुकट. खिचडीपण मीच करून घालते."

मला वाटलं, आता ही माझा हात हातात घेईल. ती मशीनचा दोरा ओवत बसली आणि म्हणाली, "नक्को बाई."

"का गं?"

"तुमचं मन मोठं हाय, मला माहीत हाय. पण तुमचा राग बी मला माहीत हाय. आज तुम्ही खूश, लेकरं आत. उद्या डोकं फिरलं, लेकरं बाहेर. मग मी कुणाला विचारू? तुमच्या मेहरबानीवर माझ्या लेकीची जबान टांगून ठेवू का? सरकारची अंगणवाडी असली तर माझा हक हाय तिच्यावर. सेविका नाय आली तर हापिसात जाऊन भांडता येतं. तुमच्याशी कशी भांडू?"

"आत्ता भांडतेच आहेस की!"

"हे ब्लाउजचं भांडण हाय. ते येगळं."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी चांगलं करायला जाते आणि ही माझ्याच रागावर बोट ठेवते! घरी येऊन भांडी आदळली. ह्यांनी पेपराआडून विचारलं, "कुणी खरं बोललं का आज तुला?" दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही.

पण त्या दोन दिवसांत मला सारखी सुकडी आठवत राहिली. मी लहान असताना दुष्काळात शाळेत सुकडी मिळायची, भाजलेल्या पिठाचा गोड खाऊ. आमचं घर जमीनदाराचं, म्हणजे जमीन होती, तीत पिकलं काहीच नव्हतं. माझ्या वडिलांनी बजावून ठेवलं होतं की ती खैरात आहे, आपल्या घरच्यांनी हात लावायचा नाही. मी शाळेच्या मागं जाऊन मैत्रिणीच्या वाट्यातली खायची, तोंड पुसून घरी यायची आणि चोरी केल्यासारखं वाटत राहायचं. आयुष्यभर मुलांना घटना शिकवली, पण ती सुकडी मला कुणी भीक घातलेली नव्हती, ती माझीच होती, हे मला कधी सुचलं नाही. न शिकलेली ही बाई मशीनवर बसून ते एका वाक्यात सांगून मोकळी झाली होती.

तिसऱ्या दिवशी मी तिच्या दारात गेले आणि म्हटलं, "चल. कुठलं ऑफिस ते दाखव. दोघी जाऊ."

बालविकासाच्या त्या कार्यालयात साहेबाच्या खुर्चीवर एक बाई बसलेली. मला बघितल्याबरोबर ती उठली, टेबलाला वळसा घालून आली आणि वाकून पाया पडली. "बाई, ओळखलं का? तुमच्या हाताखाली शिकलेय मी. दुसऱ्या बाकावर बसायची." मी अशी फुगले म्हणून सांगू! शिवणवालीकडं बघितलं, म्हटलं बघ, काम झालंच समज. चहा आला. मी सगळं सांगितलं.

माझी विद्यार्थिनी ऐकत होती. मग मान हलवून म्हणाली, "बाई, मला काय हौस आहे का केंद्र हलवायची? पण नियमात बसणारी जागा मिळत नाही. वर कळवलंय, उत्तर नाही. लोक येतात, घटनेनं लेकरांची जबाबदारी घेतलीय म्हणतात. मी काय सांगणार? तुम्हीच शिकवलंय ना." आणि तिनं म्हणून दाखवलं, अगदी माझ्या चालीत, माझ्यासारखं प्रत्येक शब्दावर थांबत: "या तत्त्वांसाठी न्यायालयात दाद मागता येत नाही." शेवटी तिचा हात आपोआप टेबलावर आपटला. डस्टर नव्हतं एवढंच.

शिवणवालीनं एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघितलं. "म्हंजे? लिहून ठेवलंय, पण मागायचं नाय? मग लिहिलं कायकू?"

माझं तोंड उतरलं. लाज वाटली मला, सरळ सांगते. मी चहाचा कप खाली ठेवला. समोरची पोरगी खोटं काही बोलली नव्हती. मी तिला जेवढं दिलं तेवढंच तिनं इतकी वर्षं जपून ठेवलं होतं, आणि त्याच अर्ध्या ज्ञानावर ती आता एका गल्लीच्या लेकरांचा निकाल लावायला बसली होती. मी उठून उभी राहिले. वर्गात राहायची तशीच.

"पुढं अजून अर्धं आहे," मी म्हटलं. "मी शिकवलंच नाही तुम्हाला." आणि ते पुढचं सांगितलं. न्यायालयात जाता येत नसलं तरी देश चालवायचा तो या तत्त्वांना मूलभूत मानूनच. कायदे करायचे ते ती डोळ्यांपुढं ठेवून. आणि ते कर्तव्य कुणाचं, तर राज्याचं.

तिनं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "बाई, हे तेव्हा का नाही सांगितलं?"

"मार्क कापत नव्हते म्हणून."

त्यावर ती एवढ्या मोठ्यानं हसली की बाहेरचा शिपाई डोकावून गेला. हसू ओसरल्यावर डोळे पुसत म्हणाली, "खरंय की हो. लेकरांच्या आहाराचा कायदा झालाच आहे. सहा वर्षांच्या आतल्या लेकराला अंगणवाडीतून खाणं मिळणं हा कायद्यानं हक्क आहे. मी रोज त्याचे तक्ते भरते! तो आला कुठून, हे कधी मनातच आलं नाही." तिनं फाइल मागवली. केंद्र जोडायच्या कागदावर सही व्हायची बाकी होती. ती म्हणाली, त्याच गल्लीत नियमात बसणारी जागा मिळाली आणि लेकरांची यादी नव्यानं झाली, तर केंद्र हलवायचं कारणच उरत नाही. "पण जागा आहे का कुणाची?"

शिवणवालीनं माझ्याकडं बोट दाखवलं. "बाईची हाय. फक्त कागद पक्का पायजे. आणि भाडं सरकारनं द्यायचं, जे काय असंल ते. फुकट नक्को."

पुढचा दीड महिना आमची वरात चालली. सेविका, शिवणवाली आणि मी, दारोदार जाऊन लेकरं लिहायची. मला वाटायचं, मला माझी गल्ली माहीत आहे. कसचं काय! बांधकामावरच्या वॉचमनची दोन, वरच्या मजल्यावर भाड्यानं आलेल्यांचं एक, शिवाय एक तर माझ्या घराच्या भिंतीपलीकडं राहत होतं आणि मला पत्ता नव्हता. मग खोलीची तपासणी. संडास आहे का, पाण्याची सोय काय, वायर उघडी आहे का. कूलर भंगारात गेला. सायकलीसाठी ह्यांनी तोंड पाडलं, तर ती जिन्याखाली लावली. एक कागद कमी पडला की परत चक्कर. दोनदा मी कार्यालयात आवाज चढवला, आणि दोन्ही वेळा माझी विद्यार्थिनी म्हणाली, "बाई, डस्टर खाली ठेवा."

शेवटी करार झाला. शिवणवालीनं त्यात एक गोष्ट हट्टानं घालून घेतली. मुदत संपायच्या आत मालकाला जागा खाली करून हवी असेल तर तीन महिने आधी लेखी नोटीस द्यायची, कारणासकट, कार्यालयात. ह्यांच्याकडून तिनं ते कलम दोनदा मोठ्यानं वाचून घेतलं. मी सही केली. हे म्हणाले, "आता तुला रागवायला तीन महिन्यांची नोटीस लागणार. असा एक कागद मी लग्नातच करून घ्यायला पाहिजे होता."

शटरवर पाटी लागली, सतरंज्या आल्या, भिंतीवर फळं आणि प्राणी आले. सकाळी खालून बडबडगीतांचा गलका वर यायचा आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून त्या एका नावाची वाट बघायची. सेविका नाव घ्यायची. एक क्षण शांतता. मग खणखणीत "हाजिर!" तेवढं ऐकलं की माझा दिवस चांगला जायचा.

आणि मग तो पाण्याचा दिवस उजाडला.

आमच्या गावात नळाला रोज पाणी येत नाही, हे काही नव्यानं सांगायला नको. ज्या दिवशी येतं त्या दिवशी घरातली सगळी माणसं मोटर, पाइप, पिंप आणि बादल्यांच्या ड्यूटीवर असतात. आमच्या मागच्या अंगणात मोठं निळं पिंप आहे, खाली तोटीचं. त्यावर आमचा आठवडा निघतो. त्या दिवशी मी ते काठोकाठ भरलं, झाकण लावलं आणि वर येऊन जरा पाठ टेकली. तासाभरानं खाली गेले तर अंगणात पाणी, पायरीवर पाणी, गल्लीत पाणी. तोटी पूर्ण उघडी. आणि पिंपापाशी शिवणवालीची लेक दोन्ही हात पुढं करून उभी.

माझं डोकं फिरलं. "अगं कार्टे! काय केलंस हे? आठवड्याचं पाणी माझं! कुणी सोडलं तुला इकडं? बंद! उद्यापासून बंद ही अंगणवाडी! घेऊन जा सगळ्यांना इथून!" असं अन् आणखी बरंच काही. अख्ख्या गल्लीनं ऐकलं.

सेविका धावत आली. तिनं आधी तोटी बंद केली. मग पोरीचे हात पदरानं पुसले. माझ्याकडं वळून अगदी हळू म्हणाली, "चूक झाली बाई, लक्ष आमचं हवं होतं. जेवायच्या आधी हात धुवायचे, असं मीच शिकवलंय तिला. पण बंद करायचं असेल तर तीन महिन्यांची लेखी नोटीस लागते. कारणासकट. कार्यालयात द्यायची." आणि ती खिचडी वाढायला आत गेली.

वरच्या खिडकीतून ह्यांचं हसू ऐकू आलं. मलाही आलं असतं, पण माझं लक्ष पोरीकडं गेलं. ती भिंतीला टेकून उभी होती, ओठ घट्ट मिटलेले. मी हाक मारली. तिनं मान फिरवली. अंगणवाडीतली मदतनीस नंतर सांगत होती की पोरगी जेवली नाही आणि घरी जाईपर्यंत एक शब्द बोलली नाही.

त्या पोरीच्या तोंडून शब्द निघावा म्हणून मी दीड महिना वणवण केली होती, आणि आता तिला गप्प करणारीही मीच. संध्याकाळपर्यंत कसाबसा धीर धरला, मग एक ब्लाउजपीस निमित्ताला घेऊन शिवणवालीकडं गेले. पोरगी मशीनखाली चिंध्यांत बसलेली. पूर्वी बसायची तशीच. मी खाली वाकून म्हटलं, "चुकलं गं माझं." ती चिंध्यांच्या घड्या घालत राहिली.

"रागावलीस ना माझ्यावर?" मी तिच्या आईला विचारलं.

"लई रागावले," शिवणवाली मशीन न थांबवता म्हणाली. "पण लेक उद्या येईल."

"मी एवढं बोलले तरी पाठवशील?"

आता तिनं मशीन थांबवलं. "बाई, ती तुमच्याकडं नाय येत. शाळंत येती. तुमचा राग तुमच्या घरात. तिच्या शाळंशी त्याचा काय संबंध?"

घरी येताना मला एकाच वेळी बोचलंही आणि सुटल्यासारखंही वाटलं. मी वाईट माणूस नाही. पण चांगल्या माणसाचंही पाण्याच्या दिवशी डोकं फिरतं. घटना लिहिणाऱ्यांनी माझ्यासारखी माणसं बघितली असणार. लेकरांचं खाणं, म्हाताऱ्यांचा आधार, बाळंतिणीचा आराम कुणाच्या लहरीवर सोडायचा नाही, म्हणून तर त्यांनी ते लिहून काढलं. वर्गात इतकी वर्षं जे मला सांगता आलं नाही ते माझ्याच सहीच्या कागदानं मला ऐकवलं होतं. हे सगळं पटलं, तरी मनातली भीती काही जाईना. कागद शटर उघडं ठेवील. पोरीचं तोंड कोण उघडणार?

दुसऱ्या दिवशी सेविकेची मीटिंग होती, ती उशिरा येणार होती. किल्ली माझ्याकडं होती. मी सकाळी लवकर आवरून किल्ली मुठीत धरून स्वयंपाकघरात उभी राहिले. खाली जाऊन शटर उघडायचा धीर होईना. लेकरं आली आणि ती नसली तर? आली आणि माझ्याकडं बघून परत भिंतीला टेकली तर? ह्यांनी दोनदा विचारलं, "जाऊ का मी?" मी म्हटलं, "गप्प बसा."

तेवढ्यात खाली शटरवर धाडधाड आवाज झाला. दोन्ही हातांनी कुणीतरी बडवत होतं.

"आजी! ए आजी!"

मी खिडकीतून वाकून बघितलं. डोक्याला तेल, दोन शेंड्या, आणि मान वर करून माझ्याकडं रोखून बघणारी ती पोरगी. तिची आई चार पावलं मागं, हाताची घडी घालून उभी. मदतीला एक शब्द बोलत नव्हती.

"कुलूप काढ," पोरगी म्हणाली. "शाळा हाय."

एवढं सबंध बोलणं तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. त्यात विनंती नव्हती, भीती नव्हती, रुसवासुद्धा नव्हता. मी चप्पल न घालताच जिना उतरले. घाईत किल्ली भोकात बसेना.

"लवकर!"

"आले गं बाई, आले," मी म्हटलं आणि शटर वर ढकललं. ते अर्धं वर जातंय तोवर ती माझ्या हाताखालून आत शिरली, सतरंजीवर आपल्या जागी जाऊन बसली आणि कुणी नाव घ्यायच्या आधीच मोठ्यानं म्हणाली, "हाजिर!"